पायांची राखण

चादरीवर रक्त दिसलं तेव्हा तिला आधी वाटलं, आपल्याच हातून एखादी टाचणी राहिली असणार. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात टाचण्या कुठेही सापडतात, साखरेच्या डब्यातसुद्धा. आदल्या संध्याकाळी तिने शाळेच्या गणवेशांचे कापलेले तुकडे सासूच्या खाटेवर पसरले होते. म्हणून तिने घाईने पांघरूण बाजूला केलं, टाचणी शोधायला हात पुढे केला, आणि तो तसाच राहिला.

सासूच्या उजव्या पायाचा अंगठा शेंड्याला कुरतडलेला होता. कापलेला नाही, कुरतडलेला. कडेला बारीक बारीक खाचा होत्या.

"आई, दुखतंय का हो?"

"काय?" सासूने डोळे उघडले. "डोकं? नाही गं. छान झोप लागली होती."

साखरेच्या आजाराने म्हातारीच्या पायांतली जाणीव कधीचीच गेली होती. घोट्याखाली चटका बसो, ठेच लागो, तिला पत्ता नसायचा. त्याची ती थट्टाही करायची. सकाळी उठल्यावर आधी खाली बघायची आणि म्हणायची, "आहेत दोन्ही जागेवर. कोणी नेले नाहीत." त्या दिवशी तिने खाली बघितलं आणि थट्टा ओठांवरच राहिली.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी जखम बघितली, दोनदा धुतली, इंजेक्शन दिलं आणि मग सुनेला बाहेर बोलावलं. "उंदीर आहे. असे बधीर पाय उंदरांना कसे कळतात देव जाणे, पण कळतात. माणूस पाय झटकत नाही, एवढं त्यांना पुरतं. ही जखम भरायला वेळ लागेल. चिघळली तर अंगठा जाईल. आणि परत चावला तर..." त्यांनी हातमोजे काढले. "पाय उघडे ठेवू नका आणि उंदरांचा बंदोबस्त करा."

बंदोबस्त करा, हे सांगणं सोपं होतं.

घराची मागची भिंत आणि धान्याच्या गोदामाची भिंत यांच्यात जेमतेम एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढी बोळ. नवरा मालट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस रस्त्यावर. घरात या दोघीच. पुढच्या खोलीत हिचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत सासूची खाट, आणि तिथेच कोपऱ्यात न्हाणीची मोरी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून मागे गोदाम होतंच, पण उंदीर असे कधी घरात शिरले नव्हते. गोदामाचा राखणदार म्हातारा होता, सगळे त्याला काका म्हणत. तो सांगायचा, "इथे एक धामण आहे. पोत्यांच्या मागे राहते. माझा अर्धा पगार खरं तर तिला द्यायला हवा." धामण म्हणजे लांबलचक, चपळ साप. विष नसतं, उंदरांवर जगते. मग गोदाम नव्या मालकाकडे गेलं. नव्या मालकाने पहिल्याच पाहणीत पोती हलवली, साप दिसला, हमालांना ओरडून सांगितलं आणि तिथल्या तिथे काठ्यांनी ठेचून घेतला. काका मध्ये पडले, तर त्यांनाच बोलणी बसली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बोळीतून दिवसाढवळ्या उंदरांची ये-जा सुरू झाली.

तिने पिंजरा लावला. पहिल्या दिवशी एक सापडला, पुढे कोणी फिरकलं नाही. चिकट पुठ्ठा आणला. त्यावर एक पिल्लू चिकटून इतकं किंचाळलं की तिला जेवण गेलं नाही. उरलं औषध. पण औषध खाऊन उंदीर नेमका कुठे मरेल ते कोण सांगणार, आणि सासूला जवळचं नीट दिसत नाही, हाताला लागेल ते तोंडात टाकायची सवय. औषध घरात आणायचं तिचं धाडस होईना.

मग तिने पायांसाठी पिशव्या शिवल्या. जाड जीनचं कापड, दुहेरी, आतून मऊ सुती अस्तर, घोट्यावर नाडी. सासूने त्या घालून बघितल्या. "सूनबाई, मला पोस्टाने पाठवतेस की काय कुठे?"

दोघी हसल्या. चौथ्या की पाचव्या सकाळी उजव्या पिशवीच्या टोकाशी जीनचा वरचा थर कुरतडून सुतासुताचा झालेला होता. अस्तर शाबूत होतं. तिने पिशवी उजेडात धरून बघितली. हा तोच उंदीर होता. तिने त्याला दोनदा बघितलं होतं, घुशीएवढा थोराड, शेपटीला मध्ये एक गाठ. लाईट लावला तरी पळत नसे, सावकाश मोरीकडे चालत जाई. सासूने त्याला नावही ठेवलं होतं, घरजावई. "खातो, झोपतो, हाकललं तरी जात नाही."

"मांजर आण," सासू एके दिवशी म्हणाली.

सुनेला मांजरांची धास्ती आहे, हे सासूला ठाऊक होतं. लहानपणी एका मांजरीने पिल्लांना हात लावला म्हणून तिच्या तोंडावर झेप घेतली होती. भुवईजवळची रेघ अजून होती. रस्त्यात मांजर दिसलं तरी ती पलीकडच्या बाजूने जायची.

"नको असेल तर राहू दे," सासू म्हणाली. "माझा अंगठा काय, असून नसल्यासारखाच."

हे बोलणं तिला फार लागलं. त्याच दुपारी ती बेकरीवाल्याकडे गेली. त्याच्या पिठाच्या खोलीत मांजरींचा सुळसुळाट होता. त्याने एक करडी, डाव्या कानाचा तुकडा गेलेली मांजर खोक्यात घालून दिली. "ही शिकारी आहे. लाडावू नका, उपाशीही ठेवू नका. उपाशी मांजर जास्त उंदीर धरते हा गैरसमज आहे, उपाशी मांजर घर सोडते."

खोकं तिने दोन्ही हात ताठ लांब धरून आणलं. घरी आल्यावर झाकण उघडलं ते काठीने. पुढेही तेच. ताटली ठेवायची ती जमिनीवर, आणि पायाने पुढे सरकवायची. मांजर एका खोलीत असेल तर ती दुसऱ्या खोलीत. सासूने मात्र पहिल्याच दिवशी तिला कानतुटी म्हणून हाक मारली आणि खाटेवर जागा दिली. नवऱ्याचा फोन आला तेव्हा तो कितीतरी वेळ हसत होता. "तू? मांजर? आमच्या घरात वाघ बकरी एका घाटावर पाणी पितात म्हण की!"

कानतुटीने काम केलं, खोटं कशाला बोला. पहिल्या आठवड्यात स्वयंपाकाच्या ओट्याखालची चिचुंद्री गेली, कापडाच्या गठ्ठ्यातली पिल्लं गेली. गणवेशांच्या कडा कुरतडणं थांबलं. पण घरजावई आला की मांजर दबा धरून बसे, शेपटी आपटे आणि बसूनच राही. एकदा तिने झडप घातली. त्याने उलटून तिच्या पंजाला चावा घेतला आणि शांतपणे मोरीत उतरला. त्यानंतर कानतुटी त्याला नुसती बघायची. मांजरी एवढ्या मोठ्या उंदराच्या वाटेला सहसा जात नाहीत, बेकरीवाल्याने नंतर सांगितलं. आधी सांगितलं नव्हतं.

गवंड्याने भिंतीतली बिळं काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवली. मोरीचा पाईप तेवढा राहिला. तिथली जाळी गंजून गेली होती आणि नवी जाळी बसवायला आतली फरशी फोडावी लागणार होती. नवरा आल्यावर बघू, असं ठरलं. तोवर त्या भोकावर वीट.

रोज सकाळी ती वीट थोडी सरकलेली असायची.

एवढ्यात शेजारचा वेल्डर दारात येऊन उभा राहिला. त्याच्या धाकटीचं दप्तर उंदरांनी फाडलं होतं. "वहिनी, मी औषध आणलंय. बोळीत टाकतो."

"भाऊ, नका हो. औषध खाल्लेला उंदीर माझ्या मांजरीने खाल्ला तर तीही जाईल. मग आईंच्या पायाशी कोण बसेल?"

"आणि माझ्या पोरीला चावला तर?"

वेल्डर वाईट माणूस नव्हता. त्याने डोकं खाजवलं, औषधाचा पुडा परत खिशात घातला. "नवी जाळी बसेपर्यंत थांबतो. पुढे नाही. आणि आणखी एक. काका म्हणत होते, बोळीत परत साप दिसलाय. आधी उंदीर, मग मांजर, आता साप. उद्या वाघ पाळा म्हणावं. मला दिसला तर मी ठेवणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो."

सापाचं ऐकल्यावर ती तशीच गोदामाकडे गेली. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "शेपूट बघितलं, डोकं नाही. धामण असावी. असावी, बरं का. मी शपथ घेणार नाही."

दुपारची वेळ होती. शाळा उघडायला आल्या होत्या, कॉलरींचा ढीग पडला होता. मशीन जोरात चालू होतं. त्या आवाजातून सासूची हाक आली. मोठी नव्हती. उलट इतकी हळू होती की त्यानेच तिचा पाय मशीनच्या पायडलवर थांबला.

"सूनबाई. मशीन बंद कर. आणि पळत येऊ नकोस."

ती दारापर्यंत आली. सासू उताणी पडली होती, उशीवर डोकं, हात छातीवर. जीनच्या पिशव्यांतले पाय सरळ. आणि त्या दोन्ही पायांवर आडवा होऊन, पिशव्यांवरून, एक साप सावकाश पुढे सरकत होता. पिवळट तपकिरी, मनगटाएवढा जाड. डोकं खाटेच्या कडेवरून खाली झुकलं होतं, शेपूट अजून पलीकडे जमिनीवर होतं. मोरीवरची वीट आडवी पडलेली.

"पायावर आहे ना?" सासूने विचारलं. तिची मान जागची हलली नव्हती. "मला कळत नाही. डोळ्याच्या कडेने काहीतरी लांब दिसलं."

"हो आई. हलू नका."

"मी काय हलणार. त्याचं डोकं कसं आहे? फणा?"

"नाही दिसत. खाली बघतोय."

खाली, खाटेच्या पायाशी, भिंतीला चिकटून घरजावई बसला होता. त्याला पळायला जागा नव्हती. एका बाजूला पत्र्याची पेटी, दुसऱ्या बाजूला कापडाचं गाठोडं. तो थरथरत होता. एवढा मोठा जीव, आणि त्याची छाती फडफडताना तिला लांबून दिसत होती.

आणि पेटीवर कानतुटी.

मांजरीचे सगळे केस उभे राहिले होते. पाठीची कमान, घशातून बारीक गुरगुर. तिचे डोळे सापाच्या मधल्या भागावर खिळले होते, म्हणजे सासूच्या पायांवर. मागचे पाय ती एक एक करून जागेवर दाबत होती. उडी मारण्याआधी मांजर करते तसं. ती उडी मारेल, सापाला नखं लागतील, साप उलटेल, आणि ते सगळं त्या पायांवर होईल. साप विषारी असला तर चावा बसलेला सासूला कळणारही नाही.

काठी दाराच्या मागे होती. पण काठी हलवली की सगळेच हलणार.

ती भिंतीला पाठ लावून आत सरकली. पेटीपाशी पोचली. कानतुटीने तिच्याकडे बघितलंही नाही. तिने श्वास घेतला, दोन्ही हात पुढे केले, मांजरीला पोटाखालून उचललं आणि छातीशी घट्ट दाबून धरलं. मांजरीने नखं काढली. मनगटापासून कोपरापर्यंत आग उसळली. मांजर फिस्कारली, तिच्या हनुवटीखाली डोकं आपटू लागली. ती ओरडली नाही. डोळे मिटून घ्यावेसे वाटले, तेही तिने घेतले नाहीत.

"शाबास," सासू छताकडे बघत म्हणाली. कोणाला म्हणाली कोण जाणे.

साप खाली उतरला. शेवटचं शेपूट पिशवीवरून घसरलं तेव्हा जीनवर खरखर आवाज झाला. मग खाटेखाली धडपड, एक किंचाळी, पत्र्यावर ठण्‌कन आदळणं. सापाने उंदराला धरून भिंतीशी अंगाने दाबला होता. धडपड हळूहळू कमी झाली. उरला तो फक्त तिघींचा श्वास, दोन बायांचा आणि एका मांजरीचा.

"गेला का घरजावई?" सासूने विचारलं.

"गेला."

"मग आता मला इथून उचल बाई. खाटेखाली जेवणावळ चालली असताना झोप यायची नाही मला."

मांजरीला बेकरीच्या खोक्यात कोंडून तिने सासूला पाठकुळी घेतलं आणि पुढच्या खोलीत आणून मशीनशेजारच्या खुर्चीत बसवलं. तोवर किंचाळी ऐकून वेल्डर धावत आला होता, हातात लोखंडी सळई. तिने मधलं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली. हातातून रक्त गळत होतं.

"चावला?" तो ओरडला.

"ही मांजरीची नखं आहेत. साप आत आहे. मारू नका."

"वहिनी, डोकं ठिकाणावर आहे का? नाग असला तर?"

"असला तरी आत जाऊन मारायला गेलात तर तुम्हालाच चावेल. सर्पमित्राला फोन करा. तो सांगेल तसं."

"आणि तोवर बाहेर पडून माझ्या घरात शिरला तर?"

"तर मला शिव्या द्या," ती म्हणाली. "पण तुम्हीच सांगा, तुम्ही औषध आणलं, मी पिंजरा आणला, मांजर आणली. त्या उंदराला कोणी हात लावला? याने लावला. निदान कोण आहे ते तरी बघू."

वेल्डरने सळई भिंतीला टेकवली. फोन त्यानेच केला.

सर्पमित्र पोस्टात कामाला होता, गणवेशातच आला. दार किलकिलं करून त्याने आत बघितलं, मग नुसत्या हातांनी आणि एका आकड्याने काम केलं. "धामण," तो म्हणाला. "पोट भरलंय म्हणून सुस्त आहे, नाहीतर माझ्या हाती लागली नसती. विष नाही. चावली तर टोचेल, एवढंच." त्याने तिला कापडी पिशवीत सोडलं आणि विचारलं, "लांब नेऊन सोडू की इथेच? लांब नेली तर बहुतेक जगत नाही. इथे राहिली तर तुमचंच काम करेल. पण शेजाऱ्यांना चालणार नसेल तर मी जबरदस्ती करत नाही."

सगळ्यांनी वेल्डरकडे बघितलं. तो पिशवीकडे बघत होता. आत काहीतरी जड हललं.

"धाकटी घाबरेल," तो म्हणाला.

"धाकटीला आणा," सासू खुर्चीतून म्हणाली. "तिलाही बघू दे कोण आहे. न बघितलेल्याची भीती जास्त."

धाकटी आली, बापाच्या पायामागे लपली, मग पुढे आली. सर्पमित्राने पिशवी न उघडता, कापडाखालचं धड दाखवत तिला काय काय सांगितलं. तिने विचारलं, "ही उंदीर चावते का गिळते?" गिळते, असं उत्तर मिळाल्यावर तिचं समाधान झालेलं दिसलं. वेल्डरने मान हलवली. पण त्याने एक अट घातली: दोन्ही घरांच्या मोऱ्यांना जाळ्या बसल्याशिवाय पिशवी उघडायची नाही. फरशी फोडायला तो स्वतः उभा राहिला आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याच दुकानातल्या लोखंडी जाळ्या दोन्हीकडे बसल्या. धामण काकांनी गोदामाच्या मागच्या पडक्या शेडमध्ये सोडली. मालकाला कोणी कळवलं नाही. काका म्हणाले, "पगारावर घेतली म्हणून सांगेन विचारलं तर."

सगळं गोड झालं असं मात्र नाही. अंगठ्याची जखम आधीच आत गेली होती. पुढच्या महिन्यात तो काळा पडला आणि डॉक्टरीणबाईंनी तो काढला. पाऊल वाचलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर सासूने खाली बघितलं आणि सुनेचा हात धरून पडून राहिली. तिला रडताना सुनेने त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. सुनेच्या हातावर मांजरीच्या नखांच्या चार रेघा उठल्या होत्या, त्यांवरून म्हातारीचं बोट फिरत होतं.

उंदीर संपले नाहीत. गोदाम असेपर्यंत संपणारही नाहीत. पण घरात शिरायचे बंद झाले, आणि बोळीतली दिवसाची वर्दळ थांबली. चुकून एखादं पिल्लू आलंच तर कानतुटी बघून घेते. ताटली अजूनही पायानेच पुढे सरकते.

थंडी संपता संपता सुनेने सासूसाठी बूट तयार केला. चांभाराकडून रुंद तळ करून घेतला, पुढच्या रिकाम्या जागेत नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, तुकडा बसवला, वरून मऊ कापड शिवलं. पहिल्या दिवशी म्हातारी एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरून दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "अजून थोडं." गोदामाच्या मागच्या कुंपणापर्यंत दोघी गेल्या. तिला धामण बघायची होती.

शेडजवळ ऊन पडलं होतं. काही दिसलं नाही. काकांनी स्टूल आणून दिलं, म्हातारी त्यावर टेकली आणि बराच वेळ बघत राहिली.

"येईल का बाहेर?" तिने विचारलं.

"तिच्या मनावर आहे," काका म्हणाले.

"असू दे. कामात असेल." मग ती सुनेकडे वळली. "उद्या परत येऊ या. तेवढंच माझंही चालणं होईल."